गुलाबी बियाणं

परवा पेरणीला सोयाबीनच्या पिशवीत हात घातला, तर पोरगा ओरडला, "आई, हातमोजे घाल! बियाण्याला औषध लावलंय, विषारी असतंय ते." बोटं गुलाबी झाली होती. तोच उग्र वास नाकात गेला आणि शबाना आठवली.

येडशीजवळच्या बियाण्यांच्या शेडमध्ये आम्ही बाया ताडपत्रीवर बसून हातानंच हे औषध बियाण्याला चोळायचो. शबाना नवी होती, तिच्या लग्नाची मेंदीसुद्धा अजून उतरली नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मावशी, हे काय हाय? हात लई झोंबायलेत."

मलाही ठाऊक नव्हतं. पण तिथं सगळ्यांत जुनी मी, 'माहीत नाही' असं कसं म्हणायचं? "रंग हाय गं," मी म्हणाले, "तुझ्या मेंदीत मिसळून जाईल." बाया हसल्या. तीही हसली. दुपारी त्याच बोटांनी आम्ही एका ताटात जेवलो.

तिला तशीच उठवून मुकादमापुढं नेलं असतं, तर त्याला काहीतरी सांगावं तरी लागलं असतं.

पुढं तिचे तळहात सोलून निघाले. तरी तिनं पुन्हा कुणालाच विचारलं नाही. मावशीनं सांगितलं होतं ना, रंग आहे म्हणून.