मामाच्या सहीचं सर्टिफिकेट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर दीड महिन्याची इंटर्नशिप सक्तीची होती. ती मिळवायची आमची एकच रीत. सकाळी सातपूरच्या नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जायचं, एकेका कंपनीच्या गेटवर बायोडाटा द्यायचा आणि वॉचमन तो वर पोहोचवेल असं धरून चालायचं. एकदा गेटवर साठलेल्या बायोडाट्यांच्याच गठ्ठ्यातल्या कागदावर भजी ठेवून खाताना मी एका वॉचमनला पाहिलं. त्यानं मलाही घे म्हटलं. मी खाल्ली.

अंबडच्या एका लेथवाल्यानं मात्र लगेच होकार दिला. "पैसे नाहीत, हात काळे होतील, सोमवारपासून ये," म्हणाला. पत्र्याची शेड, बाहेर धड बोर्डही नाही. मी नाक मुरडलं. मोठं नाव हवं, असं प्लेसमेंटचे सर बजावून सांगत आणि मला तेव्हा सगळंच पटायचं.

माझा मामा सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत सुपरवायझर. इगतपुरीकडच्या खेड्यातून येऊन त्यानं उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवली होती. तो म्हणाला, "जायची काय गरज हाय? सर्टिफिकेट मी आणतो. तू घरी बसून अभ्यास कर. सगळेच करतात, त्यात लय मोठं काय नाय." खरंच सगळे तसंच करत. वर्गातल्या निम्म्या मुलांचा कुणी ना कुणी काका शिक्का घेऊन तयारच असायचा. चार दिवसांत कंपनीच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट आलं, खाली मामाचीच सही. मी क्वालिटी विभागात मन लावून काम केलं, असं त्यात लिहिलं होतं. वाचून मला माझंच कौतुक वाटलं.

पुढे शेवटचं वर्षभर मी अर्ज करत राहिले. वेबसाइटवर, मेलवर, ओळखीच्यांच्या ओळखीनं. कुठूनही उत्तर नाही. शेवटी अंबडच्या एका कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला. तिथल्या साहेबांनी ते सर्टिफिकेट बराच वेळ पाहिलं.

"रोज जात होतात?"

"हो सर, रोज."

"तेव्हा तिथे क्वालिटीचा हेड मीच होतो," ते म्हणाले. आवाजही चढवला नाही. "ही सही ओळखतो मी. हे तुमचे कोण?"

खोटं बोलायलाच तोंड उघडलं होतं, पण "मामा" असं निघून गेलं.

सातपूर-अंबडमध्ये प्रत्येकानं प्रत्येकाबरोबर कधी ना कधी काम केलेलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. आपल्यालाही ते लागू आहे, एवढंच सुचलं नव्हतं. साहेबांनी जुन्या कंपनीत फोन केला. आठवड्याभरात कंपनीनं मामाकडे लेखी खुलासा मागितला, तोही इंग्रजीत.

मामा घरी आला. रागावला असता तर बरं झालं असतं. कोरा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "तुझं इंग्रजी चांगलं हाय, तूच लिही. तुझं नाव नको टाकू. तुला पुढं नोकरी लागायची हाय."

मी लिहिलं. तीनदा खोडून, नम्रपणे, कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मुद्देसूद. शरमेनं कान तापले होते आणि तरीही मी व्याकरण तपासत होते.

त्या वर्षी मी लिहिलेल्या एवढ्या अर्जांपैकी लेखी उत्तर आलं ते या एका कागदाला. मामाला कामावरून कमी केलं होतं.