कोरडी पट्टी

काल एका लग्नघरी हात धुताना कार्बोलिक साबणाचा वास आला आणि महाडच्या दवाखान्यातली ती दुपार आठवली. साठ सालाच्या आसपास मी तिथे नर्सिंगचं काम शिकत होतो.

उमरठच्या एका शेतकऱ्याचं सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्याची बायको म्हणाली, "बाबा रे, ह्ये सारखे जांभया देतायत. मला बरं दिसत नाय."

मी पट्टी पाहिली. कोरडी होती. "झोप येतेय त्यांना," म्हणालो आणि तक्त्यावर 'ठीक' लिहिलं.

वॉर्डच्या सिस्टरांनी तक्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "कमरेखाली हात घालून पाहिलास?"

"हो," मी खोटंच बोललो. ही बाई मला पकडायलाच टपलेली आहे, असा माझा संशय होता.

त्यांनी माझं मनगट धरून हात त्या शेतकऱ्याच्या कमरेखाली सरकवला. चादर कोमट आणि चिकट लागली. रक्त पट्टीवर न दिसता बाजूने खाली ओघळत होतं. जांभया झोपेच्या नव्हत्या, रक्त कमी झाल्याच्या होत्या.

डॉक्टर धावत आले. माणूस वाचला. "कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "याच्या हाताला कळलं."

पुढे मी कित्येक पोरांना कमरेखाली हात घालून बघायला शिकवलं. तो खोटा 'हो' मात्र आज पहिल्यांदा सांगतोय.

नवऱ्याला घरी नेताना त्या शेतकऱ्याची बायको डॉक्टरांच्या पाया पडली, सिस्टरांच्या पडली. माझ्यापाशी नुसती थांबली.

"मी सांगितलं व्हतं ना रे?"