मूठभर पाल्याचं व्रत

"या व्रताची देवी कोणती, सूनबाई?" असं भटजी महाराजाइनं मलेच इचारलं, अन् माह्या हातातली हळदीची वाटी हातातच राह्यली. आंगणात साऱ्या गल्लीच्या बाया बसल्या, माह्या मांडीवर लेकरू, समोर चौरंग, चौरंगावर अंबाडी, केना, तांदुळजा, शेवग्याचा पाला असा रचलेला का गोठ्यातली बकरी दावं तोडून राह्यली, अन् देवी कोण ते मले मालूम नाई. मालूम कसं राहीन? असली देवीच नोती. हे व्रत आमच्या मावससासूनं चुलीम्होरं बसल्या बसल्या बनवलं होतं, माह्यासाठी. म्या तिच्याकडं पाह्यलं. साऱ्या जिंदगीत जी उत्तर द्यायले कधी थांबली नाई, ती त्या टायमाले मान वर करून छपराचे कवेलू पाहून राह्यली होती.

मावससासू म्हंजे माह्या सासूची पाठची बहीण. सारे तिले मावशीच म्हणत. आमच्या अनसिंग गावात अशी एक बाई दाखवा का जिच्या डोळ्यात मावशीनं बोट घातलं नाई. खोटं नाई सांगत. रस्त्यानं बाई दिसली का मावशी म्हणे, "डोळा दाखव वं," अन् ती हो का नाई म्हणायच्या आदी मावशीचा आंगठा तिच्या पापणीवर. खालची पापणी ओढून पाहे. आतून लाल दिसली त "जाय" म्हणे. पांढरी दिसली त तिथंच धुऱ्याच्या बांधावर बसवून घेई अन् काय खाल्लं, कवा खाल्लं, कोणाच्या मांगून खाल्लं ते इचारे. मंग जीभ पाहे. मंग असं एक इचारे का ते मी इथं लिहीत नाई, म्या मराठी दुसरीच शिकली पण तेवढी लाज मले हाय. बाजारात कासारीण बांगड्या भरून द्यायले हात धरे, अन् मावशी तिच्याच नखाइकडं पाहून म्हणे, "तुही नखं चमच्यावानी काहून झाली? भाजी कोण खाते तुह्या घरी, गाढव?"

एकदा आमच्या गल्लीत पोरगी पाहायले पाहुणे आले होते. पोरीले चालवून पाह्यलं, बोलवून पाह्यलं, केस पाह्यले. मावशी कोपऱ्यात उगामुगी बसली होती म्हणून साऱ्याइले बरं वाटून राह्यलं होतं. पाहुणे उठायले लागले त मावशी म्हणे, "झालं का पाहून? आता आमी पाहतो." अन् नवरदेवाच्या मायची पापणी ओढली. साऱ्या पाहुण्याइसमोर. मंग म्हणे, "हे बाई निरी पांढरी हाय. जिथं सासूलेच भाजी उरत नाई तिथं सुनेले काय उरीन?" पाहुणे च्या न घेता गेले. पोरीची माय मावशीच्या नावानं बोटं मोडत बसली. पण पुढच्या महिन्यात तेच पाहुणे परत आले, सोयरीक झाली, अन् ती सासू आता सुनेच्या आदी मावशीलेच भेटते.

तिचं लुगडं कधी सरळ दिसलं नाई. ओच्यात सदा पाला. वावरातून येताना, देवळातून येताना, मयतीवरून येताना सुदिक. लोकं धुऱ्याचं तण म्हणून फेकत ते ती येचून आणे. लगनाच्या पंगतीत बसली त बुंदी बाजूले सारे अन् ओच्यातून घोळाची भाजी काढे, घरून शिजवून पानात बांधून आणलेली. अन् तिचं साऱ्यात मोठं भांडण होतं ते ऋषिपंचमीशी. त्या दिवशी बाया ऋषीची भाजी खाते, साऱ्या पाल्याची, कंदमुळाची, ते तुमाले मालूमच हाय. मावशी म्हणे, "वर्षातून एक दिवस खाता. बाकीचे दिवस ऋषी काय उपाशी राह्यते?"

आता माही गोष्ट. माहं पयलं बाळंतपण यायचं होतं तवाची. आमच्या घरी मामाजी म्हंजे माहे सासरे, भासरे म्हंजे मोठे दीर, मालक, गडी, सारे माणसं पयले जेवत. मंग लेकरं. मंग आत्याबाई म्हंजे माही सासू. मंग मी. माह्यापरेंत गंजात म्हंजे पातेल्यात भाजीचा वास येये, भाजी नाई. भाकर अन् मिरचीचा ठेचा, तेच दोन्ही टाइम. हे काही जुलूम म्हणून नाई सांगत, साऱ्याइच्या घरी तसंच. पण मले सांजच्याले दिसनासं झालं. दिवस बुडाला का डोळ्यापुढं राखेचं पोतं धरल्यावानी. म्या कोणाले सांगितलं नाई. मांगच्या गल्लीतली एक सून अशीच रातआंधळी निघाली होती, तिच्या सासरच्याइनं तिले माहेरी धाडली अन् लेकरू ठेवून घेतलं. ती परत आली नाई, दुसरी आली. मले रातभर ते लेकरू आठवे. म्हणून सांजचं मी हातानं भिती चाचपत चाले अन् दिवा लागेपरेंत चुलीजवळून हाले नाई.

एका सांजले पाणी आणून राह्यली होती त आंगणात समोर कोणी काळं, उंच, रुंद उभं. मले वाटलं भासरे. म्या झटकन पदर कपाळावर ओढला, बाजूले झाली, अन् खाली मान घालून उभी राह्यली. ते हालेच ना. म्याही हाललीच नाई. बऱ्याच येळानं ते हंबरलं.

ती आमची म्हैस होती. अन् सपरीतल्या ओट्यावर मावशी बसली होती. ती हासली नाई. तिनं माह्या डोक्यावरचा हंडा उतरवला, हात धरून मले घरात नेलं, अन् सकाळी आली ते आंगठा पुढं करूनच आली.

"चुन्यावानी हाय वं आतून," ती म्हणे. "तुह्या सासूले मालूम हाय?"

"नोको सांगू मावशी. तुह्या पाया पडते."

"सांगून तिनं काय तुह्यासाठी न्यारी चूल मांडली असती?" मावशी चुलीसमोर बसली, येक लाकूड आत सारलं, येक मांग घेतलं, अन् तिथंच व्रत बनलं. ऋषिपंचमी दोन दिवसावर होती. मावशीनं आत्याबाईले सांगितलं का तिले सपन पडलं. लाल लुगड्यातली देवी आली अन् म्हणे, पोटुशा बाईनं या पंचमीपासून त्या पंचमीपरेंत मूठभर पाला शिजवून खावा, चुलीकडं तोंड करून, घरच्या माणसाइचं ताट वाढायच्या आदी. वरून लिंबू पिळावं. संग मुगाची नाई त बरबटीची म्हंजे चवळीची उसळ घ्यावी. कोणाचं उष्टं खाऊ नये. बाळंतपणातही मोडू नये, मोडलं त देवी घरच्या माणसाच्या अंगात येते.

आमच्या घरी माणसाच्या आदी बाईनं जेवणं म्हंजे केवढी गोष्ट. मले वाटलं आता आत्याबाई मावशीले झाडूनं बाहेर काढते. आत्याबाई बोलायच्या बाबतीत मीठ वाढल्यावानी, चिमूटभर. त्याइनं मावशीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणाल्या, "बरं."

मंग काय, मी खाऊ लागली. जवा जे उगे ते. केना, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, शेवग्याचा त रोजच. पयले आठ दिवस मले बकरी झाल्यावानी वाटलं. मालक हासत, म्हणत, "हिले दावं बांधा." दिवाळीच्या मांगं एका सांजले म्या आंगणात पाह्यलं अन् म्हैस मले म्हैसच दिसली, शिंगासकट. म्या तिच्या गळ्यात पडून रडली, तिनं माहा पदर खाल्ला.

पण व्रत गुपचूप राहीन कसं. शेजारणीनं पाह्यलं का ही सून माणसाच्या आदी गरम गरम खाते अन् कोणी काही म्हणत नाई, अन् तिलेही एकदम भक्ती आली. मंग दुसरीले आली. मावशी जिले तिले व्रत देत सुटली, अन् जिचं जसं पोट तसे नियम. जिले साफ होत नाई तिच्या देवीले भिजलेले मूग अन् कोंड्यासकट भाकर लागे. जिच्या अंगावरून लय जाये तिच्या देवीले तीळ अन् अंबाडी. दोघीतिघी विहिरीवर भेटल्या, नियम जुळेनात, भांडत मावशीकडं आल्या. "देवी एक अन् नियम निरनिराळे कसे वं?" मावशी म्हणे, "तुह्या दोन्ही सुना एकाच घरात हायेत, त्या एकसारख्या वागते काय?" त्या बाईचा दोन्ही सुनाइशी दावा होता, ती मुकाट्यानं गेली.

वाशीमले एक मोठी मालकीण होती, दुधात साखर नाई त साखरेत दूध टाकून पिये. अंगानं एवढी का दमणीत बसली का बैल मांग वळून पाहे. तिच्या पायाची जखम भरेना, तहान जाईना. हळदीकुंकवाले मावशी गेली अन् भर बायाइत म्हणे, "मालकीणबाई, तुमच्या न्हाणीत मुंगळे काहून लागते?" मालकिणीनं तिले हाकललं. मंग बाजाराच्या दिवशी तिचीच दमणी आमच्या दारात आली, मावशीले न्यायले. तिच्यासाठी मावशीनं देवीले पेढ्याचा वीट आणला, कारलं अन् मेथी आवडायले लावली, अन् देवळात पायी ये म्हणून सांगितलं. पाय पुरा बरा झाला का नाई ते मले मालूम नाई. पण ती मालकीण आता देवळापरेंत चालते, अन् बैल मांग पाहत नाई.

असं करता करता वर्ष सरलं, माही पोरगी रांगायले लागली, पंचमी आली, अन् आत्याबाई एकाएकी म्हणाल्या, "व्रत पुरं झालं. उद्यापन करू. भटजीले बोलावलं हाय." मावशीच्या ओच्यातला पाला तिथंच सांडला. व्रत करायचं तिनं ठरवलं होतं, उद्यापनाचं तिच्या ध्यानातच आलं नोतं. रातभर आमी दोघी देवीचं नाव शोधून राह्यलो, पण जे नाव घ्यावं त्या देवीचं देऊळ भटजीच्या पाहण्यातलं.

म्हणून त्या सकाळी भटजी देवी कोणती ते इचारून राह्यले होते. मले वाटलं आता खोटं निघते. मंग इचारतीन का हे खोटं काहून केलं, मंग डोळ्याचं निघीन, मंग मी माहेरच्या वाटेवर अन् पोरगी इथं. म्या पोरीले एवढी आवळली का ती रडायले लागली.

तवा आत्याबाई म्हणाल्या, "सोनाबाई."

भटजीनं मान वर केली. "सोनाबाई? अशी देवी कुठली?"

"आमच्या घरची हाय," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणा महाराज तुमी म्होरं. पोरगी रडून राह्यली."

सोनी हे मावशीच्या लेकीचं नाव. ते मले मालूम होतं, पण तेवढंच. पयल्या बाळंतपणात गेली. पांढरीफटक पडली होती म्हणते, अन् ती गेली त्या दिवशी तिच्या सासरी भाजीचं गंज घासून पुसून साफ होतं, माणसं जेवून गेले होते. मावशी हे कधी सांगत नाई. त्या दिवशी भटजी "सोनाबाई नमः" म्हणत होते अन् मावशी खाली पाहून अंबाडीचे देठं तोडत बसली होती, एकामांगून एक, कोणाचा डोळा नाई पाह्यला तिनं.

बाया गेल्यावर म्या आत्याबाईच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "ऊठ. म्हशीले पदर घेतला तवा मी न्हाणीच्या दारात होती." अन् मंग बहिणीकडं वळून म्हणाल्या, "आता तुहा डोळा दाखव."

मावशी म्हणे, "मले काय झालं?" पण आत्याबाईनं पापणी ओढलीच. निरी पांढरी. साऱ्या गावाले पाला चारणारी, एकट्या जिवासाठी कोण चूल पेटवते म्हणून घरी मीठ अन् शिळी भाकर खाऊन राह्यली होती. तवापासून ती आमच्याकडंच जेवते, माह्या शेजारी, चुलीकडं तोंड करून, माणसाच्या आदी. आत्याबाईही बसते. मामाजी ओसरीतून खाकरते, आमी लिंबू पिळतो.

आता मावशीच्या डोळ्यात फूल पडलं हाय. सवयीनं अजून बायाइच्या पापण्या ओढते, पण तिले दिसत नाई, मंग हळूच मले म्हणे, "सांग वं, लाल हाय का?" अन् मी तिच्या खांद्यावरून पाहून सांगते. कधी कधी पांढरी असली तरी बाई लय घाबरलेली दिसली त मी "येऊन राह्यली लाल" म्हणते. मावशीले समजते.

अन् आज सकाळी मानोऱ्याकडली एक बाई आली. कोणी तिले व्रत सांगितलं होतं, तिनं पुरं केलं, कमरेवर गुटगुटीत लेकरू, हातात लाल लुगडं अन् नारळ. म्हणे, "सोनाबाईचं देऊळ कुठं हाय ते दाखवा, लुगडं नेसवायचं हाय. मी लय दुरून पायी आली." मावशी चुलीजवळ बसली होती. तिनं ऐकलं. तिनं हात पुढं केला नाई अन् मांगही घेतला नाई, नुसता मांडीवर ठेवून बसली, तळवा वर करून. ती बाई माह्या तोंडाकडं पाहून राह्यली, माही पोरगी त्या लाल लुगड्याले हात घालून राह्यली, अन् तव्यावर भाकर करपून राह्यली. देऊळ नाई म्हणावं त तिचं व्रत जाते, अन् हाय म्हणावं त दाखवू कोणतं. तुमीच सांगा बायाहो, तुमी असत्या त त्या बाईले कुठं नेलं असतं?