मामाजींच्या खिशातली झेरॉक्स

मी आजवर काय काय सांगितलं नाही! नागझिऱ्याच्या वाघानं माझ्याकडे तंबाखू मागितला, हे मुर्रीच्या पानठेल्यावर इतक्यांदा सांगितलं की आता मलाच खरं वाटतं. पण आज सांगतो ते कोणालाच सांगितलेलं नाही — बायको सुनंदालाही नाही. यात वाघ नाही. असता तर बरं झालं असतं, निदान मी त्याच्या पोटात असतो.

मी घरजावई. नोकरी तिरोड्याच्या वाटेवरच्या एका कंपनीत, मुक्काम मुर्रीत सासऱ्यांच्या घरी. सासू आमच्या लग्नाआधीच गेलेली. सासरे — मामाजी — बारा वर्षांत एकदाही "घर माझं आहे" म्हणाले नाहीत. ते म्हणायचं काम गावानं आणि कंपनीतल्या लोकांनी वाटून घेतलं होतं.

तर कंपनीनं आरोग्य विमा काढला. बायको-पोरं त्यात होतीच. वर आणखी एक जोडी टाकता येत होती — स्वतःचे आईवडील, नाहीतर सासू-सासरे. एकदा टाकलं की बदल नाही. हा काय नियम झाला? माणसाला काय एकाच बाजूनं आईबाप असतात? ज्या साहेबानं हा रकाना आखला त्याला सासुरवाडीच्या पंगतीत बसवावं आणि वाढणाऱ्यांनी फक्त त्यालाच विसरावं, सात पिढ्या —

थांबा. हा राग मी दरवेळी इथंच काढतो, आणि पुढचं सांगायचं राहून जातं.

माझे आईबाप थोरल्या भावाकडे. भाऊ रेल्वेत, त्यांचा इलाज तिकडून होतो. म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मामाजींचं नाव टाकायचं. मी तेच टाकायला ऑफिसातल्या कंप्युटरसमोर बसलो होतो. तेवढ्यात खेमराज — माझ्याच पाळीतला — खुर्चीमागून वाकला. "काऊन बे, राह्यतो सासऱ्याकडं, खातो सासऱ्याचं, आता बापही बदलून राहिला का?"

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. आणि आईबापांची नावं टाकून बटण दाबलं.

एवढंच. एका हसण्यापायी.

घरी येऊन मात्र माझी जीभ सुटली. "मामाजी, आता तुमाले काही झालं तर शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरते!" कार्डावर माझं एकट्याचं नाव होतं. त्याची झेरॉक्स मी त्यांना दिली. बाकीची नावं कंप्युटरमंधी राह्यतात, म्हटलं. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवली. दोन वर्षं ती तिथंच होती.

मग धान कापणीच्या दिवसांत मामाजी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तर स्ट्रेचरवर पडल्या-पडल्या त्यांनीच खिशातली झेरॉक्स काढून खिडकीतल्या पोरीला दिली. मी खिशात हात घालायच्या आधी.

तिनं नंबर टाकला. मग स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली, मला एकट्याला दिसेल अशी. आई. वडील. तिनं माझ्याकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं आणि स्क्रीन परत फिरवून म्हणाली, "सॉरी बाबाजी, आमच्याकडूनच काही चुकलं दिसते. नाव येऊन नाही राहिलं."

कळलं का तुम्हाला? तिनं मला झाकलं. ओळख ना पाळख! आणि मी? मी पेटलो. "नाव येत नाही म्हणजे? मी माझ्या हातानं टाकलं! म्हाताऱ्या माणसाचं नाव खाता?" असा ओरडलो की औषधांच्या दुकानातली माणसं बाहेर आली — ही माझी बढाई नाही, खरंच आली. दवाखान्याचे मोठे साहेब धावत आले. त्यांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. ती खाली मान घालून उभी. स्क्रीन तिच्या हाताशी होती. सगळ्यांकडे वळवली असती तर? तिनं वळवली नाही.

"राहू द्या ना जवाई," मामाजी म्हणाले, "कायले त्या पोरीवर तापून राहिले?"

डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. मामाजी म्हणाले, एवढा पैसा कुठून आणता, आपण हाड बसवणाऱ्याकडं जाऊ. सुनंदा रडून म्हणाली, तुमच्या ऑफिसात विचारा ना! आणि ऑफिसात विचारलं की मी भरलेला फॉर्म निघणार होता. मग हाड बसवणाऱ्याकडं न्यायला सगळ्यांत आधी गाडी बोलवायला कोण पळालं असेल?

पाय वाकडा बसला. मामाजी आता धानाच्या बांधीत उतरू शकत नाहीत. काठी टेकत पानठेल्यावर येतात आणि जवाई आपल्यासाठी कसा भांडला ते सांगतात. मी काउंटरची काच फोडली, असंही सांगतात. मी फोडली नव्हती. लोक माझ्या पाठीवर थाप मारतात. त्या थापेची मला इतकी चीड येते — आणि दरवेळी मी पाठ पुढे करतो.

गेल्या महिन्यात कुडव्याच्या चौकात आम्ही मोटारसायकलवर थांबलो होतो. मागे मामाजी, काठी उभी धरून. शेजारी एक स्कूटी येऊन थांबली. तीच पोरगी.

"जवाई," मामाजी मोठ्यानं म्हणाले, "तेच ना ते पोरगी, जिनं माह्यं नाव खाल्लं?"

तिनं ऐकलं. वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — मी काय म्हणतो, ते ऐकायला.

मी म्हणालो, "हो मामाजी. तेच."