चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न

आमचे हे शिंपी आहेत. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, आणि ह्यांना तो शब्द इतका आवडतो की मी "अहो" म्हटलं तर ऐकू येत नाही, "मास्तर" म्हटलं की लगेच वळतात. कानावर खडू, गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की माणूस कमी बोलतो म्हणे. कोण म्हणतं त्याला माझ्याकडे पाठवा.

दुकान सासऱ्यांच्या वेळचं. पुढे काउंटर आणि उभा आरसा, मध्ये निळा पडदा, मागे कापायचं मोठं टेबल, दोन मशिनं आणि मी. सव्वीस वर्षं मी त्या पडद्याच्या मागे आहे. पहिली बावीस वर्षं काज-बटण, तुरपाई, अस्तर. पुढची चार वर्षं कापणं. कारण चार वर्षांपूर्वी ह्यांनी बँकेच्या साहेबांच्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड कापली. डोळे कमी झालेत, चष्म्याची गरज आहे, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. हे म्हणाले, "कापडच आटलं." नाचता येईना, अंगण वाकडं! त्या दिवसापासून कात्री माझ्या हातात आली, ती अजून आहे. हे मापं घेतात, मी कापते, आणि गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघत म्हणतं, "मास्तर, काय हात आहे तुमचा!" हे मान तिरकी करून हसतात. मी मागे दातांनी दोरा तोडते.

तर असा हा माणूस बुद्धिबळ खेळतो. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमतात, त्यांतला कोपऱ्यावरचा औषधवाला ह्यांचा ठरलेला गडी. ओळीने अकरा रविवार त्याने ह्यांना हरवलं. अकरा! प्रत्येक वेळी घरी येऊन सांगायचे, "आज नशीब नव्हतं." नशीब तरी किती वेळा सुट्टीवर जाणार?

शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, जुने खेळाडू, त्यांनी ह्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला चाली येतात, पण पट वाचता येत नाही. चाल शोधायच्या आधी स्थिती बघायला शिका." आणि एका चिठ्ठीवर चार प्रश्न लिहून दिले. पहिला, समोरच्याने आत्ता ही चाल का केली, त्याला काय हवंय? दुसरा, दोन्ही राजे किती सुरक्षित आहेत? तिसरा, कुठलं मोहरं कामाला लागलंय आणि कुठलं नुसतं जागा अडवून बसलंय? चौथा, प्याद्यांच्या रांगेत भोक कुठे पडलंय? एवढं झालं की मग दोन-तीन चाली निवडायच्या आणि प्रत्येकीला समोरचा काय उत्तर देईल ते पुढपर्यंत मोजत जायचं. काकांनी बजावलं होतं, "क्रम बदलू नका. पहिला प्रश्न पहिला."

ह्यांनी ती चिठ्ठी आरशाच्या कोपऱ्यात खोचली. गिऱ्हाइकाची छाती मोजतानासुद्धा व्याख्यान सुरू. "साहेब, माणसाने आधी स्थिती बघावी. समोरच्याच्या मनात शिरावं." साहेब बिचारे हात वर करून उभे. मापवहीत कंबर चौतीस आणि त्याच्याखाली 'काळ्याचा उंट आळशी'. उंटावरून शेळ्या हाकायला तरी उंट दिसावा लागतो.

आणि पट कुठे मांडला? माझ्या कापायच्या टेबलावर. रविवारी हरलेला डाव सोमवारी मांडायचा आणि आठवडाभर त्याच्यावर टक लावून बसायचं. हात लावायचा नाही. धूळ पुसायची नाही. मी निम्म्या टेबलावर कापत होते आणि उरलेलं कापड गुडघ्यावर घेत होते. "अहो, वकिलांच्या कोटाचं कापड आहे, पसरायला जागा द्या," म्हटलं तर म्हणाले, "थांब, पांढऱ्याची स्थिती फार नाजूक आहे." पांढरा म्हणजे हे स्वतः.

आता रोज डोळ्यासमोर पट असला की बटण लावता लावता माणूस बघतोच. चिठ्ठी मलाही पाठ झाली होती. एकदा मी विचारलं, "हा काळा घोडा इथे कशाला आलाय?"

"पळालाय. माझ्या वजिराला घाबरून."

"मग पळून जवळ कशाला येईल? इथून उडी मारली की राजाला शह बसतो आणि त्याच उडीत वजीरही माराखाली येतो."

हे पटावर वाकले. टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या. मग म्हणाले, "हो, तिथेच गेला डाव. पण माझा हल्ला किती सुंदर होता ते बघ ना! आणखी दोन चाली मिळाल्या असत्या तर मात होती."

मिळाल्या असत्या तर! घोडं पेंड खात होतं ते इथे. ह्यांची स्थिती बघण्याची रीत म्हणजे आपल्या वजिराकडे बघत बसायचं, तो कुठे जाईल, कसा शोभेल. समोरचाही पाळी आली की चाल करतो, हे ह्यांना दर वेळी नव्याने कळतं आणि दर वेळी वाईट वाटतं. पहिला प्रश्न ह्यांनी कधी सोडवलाच नाही. थेट दुसऱ्यापासून सुरुवात, आणि त्यातही एकाच राजाची चौकशी.

मी हसले, पण हसण्यासारखं फार नव्हतं. कारण त्याच आठवड्यात गणवेशाच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई दुकानात येऊन गेल्या होत्या. हे औषधवाल्याकडे गेले होते, म्हणून मी पडद्याबाहेर आले. बाईंनी माझ्या हातातले कोटाचे तुकडे घेऊन पाहिले, खांद्याचा आकार बोटाने चाचपला आणि सरळ विचारलं, "हे तुम्ही कापता ना?" चार वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस! म्हणाल्या, "आमच्याकडे मुख्य कटरची जागा आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा."

मला जायचं नव्हतं. खरं सांगते, नव्हतं. त्या टेबलाची प्रत्येक फळी माझ्या ओळखीची आहे. मला एवढंच हवं होतं की पडद्याच्या पुढे बसावं, गिऱ्हाइकाशी स्वतः बोलावं, आणि कुणी हाताचं कौतुक केलं तर ह्यांनी म्हणावं, "हात हिचा आहे." बस. वाटणी नको, पाटी नको.

मंगळवारी सांगितलं. जेवताना. कारखान्याचं सगळं सांगून म्हटलं, "तुम्ही मला पुढे बसू दिलंत तर मी नाही म्हणून कळवते." हे म्हणाले, "हं." नजर ताटाच्या पलीकडे कुठल्यातरी हत्तीवर.

गुरुवारी पुन्हा सांगितलं, मशीन थांबवून. म्हणाले, "घाई नको. आधी नीट स्थिती बघू." मला वाटलं, निदान बघणार तरी आहेत. मी वेडी.

शुक्रवारी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ह्यांनी प्याद्यावर बोट ठेवलं होतं. बोट न उचलता म्हणाले, "आत्ता बोलू नकोस गं, मोजतोय." पालथ्या घड्यावर पाणी!

शनिवारी दुपारी वकील कोट घालून बघायला आले. कोट असा बसला की मलाच पडद्याच्या फटीतून बघून भरून आलं. खांद्यावर एक चुणी नाही. वकील म्हणाले, "मास्तर, कमाल! असं कापणारा आता उरला नाही कुणी." मी पडद्याची कड धरली. म्हटलं, आता. आता तरी म्हणतील.

हे मान तिरकी करून हसले. "त्याचं काय आहे साहेब, कापायच्या आधी मी स्थिती बघतो. समोरच्याला काय हवंय ते ओळखतो."

वकील दुसऱ्या कोटाचं कापड ठेवून गेले. मी बाहेर आले, काउंटरवरचा फोन उचलला आणि ह्यांच्यासमोर कारखान्याच्या बाईंना सांगितलं, "सोमवारपासून येते."

"कुठे?" ह्यांनी विचारलं.

"कारखान्यात. कटर म्हणून."

"असं अचानक?"

"मंगळवारपासून पटावर आहे," मी म्हटलं. "तीन वेळा सांगितलं. मला पुढे बसायचं होतं."

"अगं, मग नीट सांगायचं ना! मला काय स्वप्न पडणार आहे?"

माझा आवाज चढला. चढणारच. "ती चिठ्ठी काढा आरशावरची. मोठ्याने वाचा. पहिलाच प्रश्न."

ह्यांनी चिठ्ठी काढली. डोळ्यांपासून लांब धरली, मग आणखी लांब, मग पहिल्यांदाच माझ्यादेखत खिशातून चष्मा काढून लावला. "समोरच्याने आत्ता ही चाल का केली, त्याला काय हवंय?" खाली बसले. माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे. चेहरा उतरला होता. मला वाटलं, विचारतील. सव्वीस वर्षांत नाही विचारलं, पण आता विचारतील. विचारलं असतं तर मी त्याच क्षणी पुन्हा फोन लावला असता, देवाशप्पथ.

ह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मग वकिलांचा दुसरा कोट कोण कापणार?"

मी आत गेले. टेबलावर पट तसाच होता, कशालाही धक्का लावला नाही. कात्री तेवढी माझी होती, ती पुसून पिशवीत घातली.