दत्ताची कॅसेट

कोल्हापूरहून निघताना बायको म्हणाली, "गुडघ्याच्या गोळ्या घेतल्यात का, की नुसतीच गिटार?" मी गोळ्याही पिशवीत टाकल्या. तीस वर्षांनी आमचा रॉक बँड पुन्हा वाजणार होता, तोही 'शिफ्ट सुटली' घेऊन. हे आमचं सगळ्यात वेगवान गाणं, ऐन पंचविशीत बांधलेलं. आता तिघेही साठीपार.

शुक्रवारी सकाळी उल्हासनगरात उतरलो. हरेश आमचा गायक, लीड गिटारही त्याचीच. पडद्यांच्या दुकानात बसवून त्याने दालपकवान (कडक तळलेल्या पुऱ्या आणि हरभऱ्याची डाळ) पुढ्यात ठेवलं.

"साईं, टेन्शन नको घेऊस. स्पीड सेम टू सेम आहे. दर रविवारी सकाळी अकरा वाजता दत्त्याकडे आपल्या जुन्या कॅसेटबरोबर वाजवतो आम्ही. जरा पण मागे नाही!"

घरी मोबाईलमधल्या मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना दुसऱ्या कडव्यातच माझी दमछाक व्हायची. म्हणजे म्हातारा मी एकटाच झालो की काय!

दुपारी रिक्षाने अंबरनाथला गेलो. शिवमंदिरामागे दत्ता राहतो, आमचा ड्रमर. एमआयडीसीत जन्मभर प्रेस मशीनवर काम करून त्याची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झालीत.

"डॉक्टर म्हणतो हात गेले, ड्रम काढून टाका," दत्ता हसला. "म्हटलं, कॅसेट खोटं बोलत नाही. तिच्या मागे पडेन त्या दिवशी स्टिक खाली ठेवीन."

वहिनींनी चहा देताना हळूच सांगितलं, "वाजवतात तेवढा वेळच बरे असतात हो, भावजी."

कॅसेट लागली. मी पहिला कॉर्ड मारला आणि सगळं बेसूर.

"विल्या, तुझी गिटार चढलीय, उतरव," हरेश ओरडला.

च्यायला, आत्ताच तर लावली होती! टेपरेकॉर्डरवर वाकून पाहिलं. कॅसेटची चक्रं आळसावल्यासारखी फिरत होती. आतला रबरी पट्टा वर्षानुवर्षं सैल होत गेला होता. त्यामुळे गाणं एक पट्टी खाली आलं होतं आणि त्याबरोबर वेगही उतरला होता. हरेशने तिच्यामागोमाग तारा उतरवल्या होत्या, दत्ताने हात. दोघांनाही पत्ता नव्हता.

दत्ता डोळे मिटून वाजवत होता. चेहरा कसा फुललेला. सांगायला तोंड उघडलं, पण वहिनी दारात उभ्या होत्या. मुकाट्याने खुंट्या पिळून तारा खाली आणल्या. मग मलाही सगळं सहज जमलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

शनिवारी दुपारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका हॉलमध्ये दत्ताच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता. आम्ही स्टेजवर उभे राहिलो आणि निवेदक म्हणाला, "आधी यांचं मूळ गाणं ऐकू या!"

मूळ वेगातलं ते रेकॉर्डिंग मीच त्याला मोबाईलवर पाठवलं होतं. साफ विसरलो होतो.

गाणं भन्नाट वेगाने सुटलं. दत्ता जागच्या जागी थिजला.

"विल्या, हा खरा स्पीड?"

"हो."

"काल माहीत होतं तुला?"

"हो."

शिवी घातली असती तर बरं झालं असतं. "आपण आपल्या स्पीडनेच वाजवू," मी गयावया केली. त्याने स्टिकवर स्टिक मारून चार मोजले, त्याच खऱ्या वेगात.

पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात त्याचा डावा हात थांबला. स्टिक निसटून माझ्या पायाशी आली. हरेश दोन ओळी एकटाच गायला आणि गप्प झाला. समोरच्या म्हाताऱ्यांनी प्रेमाने टाळ्यांचा ठेका धरला. तोही संथच होता. दत्ताने साथ दिली नाही.

मी स्टिक उचलून पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडेच."

रात्रीची गाडी धरून रविवारी सकाळी घरी आलो. म्हाताऱ्या हातांनी वेगवान गाणं वाजतं का, हे बघायला गेलो होतो. नाही वाजत. पण हे त्याला घरात, दार लावून, मी सांगायला हवं होतं. भरल्या हॉलमध्ये कळावं, अशी त्याची काहीच चूक नव्हती.

गिटार काढली. तारा अजून उतरलेल्याच होत्या. न राहवून दत्ताला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"झोपलेत, भावजी."

मागे टेपचा आवाज नव्हता. घड्याळात अकरा वाजले होते.