गाडीचं डावं-उजवं

दादा गेल्यावर महिनाभराने मी त्याची मोटारसायकल टेम्पोत घालून येरवड्याच्या मेकॅनिककडे नेली. दोन सिलिंडरची जुनी गाडी. सुरू व्हायची, पण हिसके द्यायची.

मेकॅनिकने दोन्ही प्लग काढून फडक्यावर ठेवले. उजवा ओला, काजळी धरलेला. डावा पांढराफटक.

"एकाला पेट्रोल पाजलंय, दुसऱ्याला उपास घडवलाय," तो म्हणाला. "कुणी हात लावला होता?"

"मीच."

"समोर बसून?"

मी मान हलवली.

"अहो साहेब, गाडीचं डावं-उजवं बसणाऱ्याचं धरतात. बघणाऱ्याचं नाही."

माझी नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, मॅन्युअल लिहिण्याची. प्रत्येक आकृतीखाली 'समोरून पाहताना' असं मी न चुकता लिहितो.

दादाला जिने उतरणं बंद झालं होतं तेव्हाची गोष्ट. तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर आणि मी खाली पार्किंगमध्ये, गाडीसमोर पाटावर. दोन सिलिंडरना दोन कार्बोरेटर, प्रत्येकाला हवेचा एक स्क्रू. तो आत नेला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, बाहेर काढला की हवेचं. दादा वरून सांगत होता, "डावा अर्धा फेरा आत. उजवा थोडा बाहेर. अरे, हळू, डबा उघडतोयस का?" मी माझ्या हातांप्रमाणे डावं-उजवं धरलं. मग गाडी सुरू केली. तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "जमलं. बंद कर."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं एखादं काम माझ्या हातून झालं होतं. आता वाटतं, ते त्याला ऐकू आलं नसेल? गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गाडीचा कुठला सिलिंडर रुसलाय हे तो जेवता जेवता सांगायचा. की कळूनही बोलला नाही? पुन्हा सांगायचं त्राण नव्हतं, की माझा चेहरा पाहून त्याने सोडून दिलं? की गाडी आता कुणी चालवणारच नाही, असं त्याने धरलं होतं? सकाळी एक पटतं, दुपारी दुसरं.

"नीट करू ना?" मेकॅनिकने विचारलं.

"तशीच ठेवली तर?"

"ठेवा की. हार घालून ठेवा. चालवलीत तर डावा पिस्टन जाम होईल."

मी म्हटलं, करा.

त्याने पाच मिनिटांत दोन्ही स्क्रू जुळवले, प्लग परत बसवले आणि किक मारली. मी कान देऊन ऐकलं. मला आधीच्या आणि आताच्या आवाजात काही फरक कळला नाही.

"मघाचा आवाज," मी विचारलं, "जाणकार माणसाला पहिल्या मजल्यावरून कळला असता?"

"कळायलाच हवा."

"आजारी असला तरी?"

त्याने फडक्याने बोटं पुसली. "ते मी कसं सांगणार, साहेब? चालवून बघा. चौकापर्यंत जाऊन या."

मला गिअरची गाडी नीट येत नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं. मी बसलो.